वनस्पतिशास्त्राचा पत्रव्यवहार आणि कोचीनचें साक्षपत्र

इ. स. १६७५ च्या एप्रिल महिन्याच्या २० व्या तारखेस कोचीन येथें रंग भट, विनायक पंडित व आपू भट या तीन कोंकणी ब्राह्मणांनीं एक साक्षपत्र लिहून दिलें. त्याची भाषा कोंकणी व लिपि नागरी आहे. कमांडर हेन्रिक व्हान रीड यांच्या सांगण्यावरून आपण दोन वर्षें सकाळ-संध्याकाळ येत राहिलों आणि 'महानिघण्टु' या ग्रंथाच्या आधारें वनस्पतींचीं नांवें व गुणधर्म सांगितले, असा त्याचा आशय आहे. पुढें १६७८ सालीं ॲम्स्टरडॅम शहरीं 'हॉर्टस मलाबारिकस' म्हणजे 'मलबारचें उद्यान' या लॅटिन ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला, आणि त्यांत हें साक्षपत्र नागरी अक्षरांसह छापलें गेलें.

आपल्या ज्ञातीच्या सभांतून व वार्षिकांतून या तिघांचीं नांवें अभिमानानें घेतलीं जातात, आणि तें योग्यच आहे. परंतु एका डच अधिकाऱ्याला ही साक्ष लिहून घ्यावी असें कां वाटलें, आणि हजारों कोसांवर बसलेल्या वाचकाला तिचा काय उपयोग होता, याचा विचार सहसा होत नाहीं. या लेखांत त्याच प्रश्नाचें उत्तर यथामति देण्याचा हेतु आहे. त्यासाठीं सोळाव्या शतकापासून सुरू झालेल्या एका मोठ्या पत्रव्यवहाराची हकीकत सांगावी लागेल. राजेरजवाड्यांच्या व सेनापतींच्या पत्रांतून राज्यांचा इतिहास जसा उभा राहतो, तसाच वैद्य, व्यापारी, पाद्री व बागवान यांनीं एकमेकांस लिहिलेल्या पत्रांतून वनस्पतिशास्त्र उभें राहिलें आहे.

पत्र आणि वाळलेली फांदी

एकाच झाडाला दहा गांवीं दहा नांवें असतात, आणि एकच नांव दोन ठिकाणीं दोन झाडांना असतें. देशावरील माणूस नुसतें 'लिंब' म्हणाला तर त्याला कडुनिंब अभिप्रेत असतो. तेंच आपल्या घरांत 'लिंब' म्हटलें तर कोणी फळ आणून पुढें ठेवील. औषधाच्या बाबतींत असा घोटाळा झाला तर तो जिवावर बेततो. म्हणून केवळ नांव लिहून भागत नाहीं. तें नांव कोणत्या झाडाचें, हें दाखवावें लागतें. परंतु झाड दाखवावयाचें कसें? जिवंत रोप महिनोगणती प्रवासांत मरतें, आणि शब्दांनीं केलेलें वर्णन वाचून प्रत्येकाच्या डोळ्यांपुढें निराळें पान उभें राहतें.

या अडचणींतून वाट काढण्याचें श्रेय बहुतांशीं इटलीमधील लूका गिनी या अध्यापकास दिलें जातें. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्यानें फुलासह फांदी कागदांत दाबून वाळवावी, मग ती दुसऱ्या कागदावर चिकटवून जपून ठेवावी, ही रीत आपल्या शिष्यांत रूढ केली. त्याच सुमारास पीसा व पाडुआ येथें विद्यापीठांच्या वनस्पति-उद्यानांची स्थापना झाली. वाळलेली फांदी वजनानें हलकी असते आणि नीट जपली तर शेंकडों वर्षें टिकते. मुख्य म्हणजे ती पत्राबरोबर पाठवितां येते. पाठविणारा एकाच झाडाच्या दोन फांद्या वाळवी, दोहोंवर एकच अंक घाली, एक स्वतःपाशीं ठेवी व दुसरी मित्राकडे धाडी. मित्रानें उलट टपालीं "अमुक अंकाची वनस्पति ती अमुक" एवढें लिहिलें कीं दोघांच्याही संग्रहाला नांव मिळे. या देवघेवींत बहुधा पैसा नसे. एका बीजाच्या बदल्यांत दुसरें बीज, एका कंदाच्या बदल्यांत दुसरा कंद, आणि सर्वांच्या मुळाशीं परस्परांवरील विश्वास, असा हा व्यवहार होता.

गोव्याचें पुस्तक आणि लायडनचीं पत्रें

या पत्रव्यवहाराशीं आपल्या भूमीचा संबंध फार लौकर आला. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ सालीं गोव्यास आला व पुढें आयुष्यभर येथेंच राहिला. हिंदुस्थानांतील औषधी द्रव्यांविषयीं त्यानें संवादरूपानें लिहिलेला ग्रंथ १५६३ च्या एप्रिल महिन्यांत गोव्यांतच छापला गेला. गोव्यांत मुद्रणयंत्र येऊन त्या वेळीं जेमतेम सात वर्षें झालीं होतीं. या ग्रंथांत ओर्ता जुन्या ग्रीक व अरब आचार्यांचीं मतें घेतो. पण जेथें डोळ्यांनीं पाहिलेली वस्तु त्या मतांशीं जुळत नाहीं, तेथें तो पाहिलेल्या वस्तूच्या बाजूनें कौल देतो. अंतोनिया नांवाची त्याची दासी सांगितल्याबरोबर फळ किंवा फांदी आणून दाखविते, आणि मालुपा या हिंदु वैद्याचाही त्यांत उल्लेख येतो. चारशें साठ वर्षांपूर्वींच्या एका ग्रंथांत दासीचें व परधर्मीय वैद्याचें नांव लिहिलेलें सांपडावें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

ग्रंथ छापून वर्ष होतें न होतें तोंच त्याची एक प्रत लिस्बन येथें शार्ल द लेक्लूझ, म्हणजे पंडितांच्या लॅटिन परिपाठाप्रमाणें क्लूसिअस, या तरुण विद्वानाच्या हातीं पडली. ग्रंथाचें मोल त्यानें तात्काळ ओळखलें. त्याचा संक्षेप लॅटिन भाषेंत करून तो त्यानें १५६७ सालीं अँटवर्प येथें प्रसिद्ध केला. पोर्तुगीज भाषा जाणणारे थोडे होते, परंतु लॅटिन सर्व युरोपांतील पंडितांची भाषा होती. त्यामुळें गोव्याच्या बाजारांतील आंबा, मिरीं, वेलदोडे व हळद यांची खरी माहिती घरोघरच्या वैद्यांच्या हातीं गेली.

हाच क्लूसिअस पुढें युरोपांतील वनस्पतिप्रेमी मंडळींचा जणूं टपालनाका बनला. त्यास आलेलीं व त्यानें लिहिलेलीं सुमारें दीड हजार पत्रें आज उपलब्ध आहेत, व त्यांपैकीं बहुतेक लायडन विद्यापीठाच्या ग्रंथालयांत आहेत. पत्रें लिहिणारीं माणसें सुमारें तीनशें. त्यांत वैद्य, औषधविक्रे, सरदार, राजदूत आणि बागेची हौस असलेल्या कुलीन स्त्रियाही आहेत. तुर्कस्थानांतून आलेले ट्यूलिपचे कंद अशाच देवघेवींतून सर्वत्र पसरले. १५९३ सालीं क्लूसिअस लायडन येथें गेला, तेथील उद्यानाची मांडणी त्याच्या देखरेखीखालीं झाली, आणि १६०९ सालीं त्याच गांवीं त्यानें देह ठेविला.

ओर्ताच्या नशिबीं मात्र अशी शांति नव्हती. तो मूळचा यहुदी कुळांतला. १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशन या नांवाची धर्मन्यायसभा बसली. १५६८ सालीं ओर्ता वारला; पुढच्याच वर्षीं त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळण्यांत आलें, आणि १५८० सालीं खुद्द ओर्ताच्या अस्थि थडग्यांतून उकरून जाळल्या गेल्या. ज्या राजवटीच्या धर्मच्छळामुळें आपले पूर्वज देव पाठीशीं बांधून गोवा सोडून गेले, त्याच राजवटीनें आपल्या या ग्रंथकाराचीही ही गति केली. परंतु त्याची विद्या तोंवर क्लूसिअसच्या हातून अँटवर्पला पोंचलेली होती, आणि तेथें तिला हात लावणें कोणालाही शक्य नव्हतें.

कोचीनचें साक्षपत्र

गोव्यांतून दक्षिणेकडे गेलेल्या आपल्या कुटुंबांपैकीं पुष्कळांनीं कोचीनचा आश्रय केला होता. १६६३ सालीं डच लोकांनीं तें शहर पोर्तुगीजांकडून जिंकून घेतलें, आणि कांहीं वर्षांनीं हेन्रिक व्हान रीड हा तेथील कमांडर झाला. डच शिपायांना व खलाशांना लागणारीं औषधें युरोपांतून येत असत. तीं महाग असून वाटेंत बिघडत. त्यांपैकीं कित्येक मूळचीं हिंदुस्थानांतूनच तिकडे गेलेलीं असत. तेव्हां येथील वनस्पतींची पूर्ण नोंद करावी, असें रीडनें ठरविलें.

काम मोठें होतें आणि त्याला हातही पुष्कळ लागले. माहीतगार माणसें रानांतून पान, फूल व फळ यांसह फांद्या आणीत. चित्रकार त्यांचीं चित्रें काढीत. वैद्य त्यांची नांवें व गुण सांगत. कोचीनचा दुभाषी इमॅन्युएल कार्नेरो हा मलयाळम् भाषेंतील माहिती पोर्तुगीज भाषेंत उतरवी, आणि पुढें तिचें लॅटिन होई. लॅटिन रचनेंत कासेआरिउस या पाद्र्याचें साहाय्य होतें, आणि आरंभीं माथेउस नांवाच्या इटालियन कार्मेलाइट साधूनेंही मदत केली. १६७८ पासून १६९३ पर्यंत या ग्रंथाचे बारा खंड निघाले. त्यांत सातशेंहून अधिक वनस्पतींचीं वर्णनें असून चित्रें मोठमोठ्या ताम्रपटांवर कोरलेलीं आहेत. चित्रांवर वनस्पतींचीं नांवें रोमन, मलयाळम्, अरबी व नागरी अशा लिप्यांत दिलेलीं आहेत. शेवटचा खंड पाहणें रीडच्या नशिबीं नव्हतें. १६९१ च्या डिसेंबरांत कोचीनहून सुरतेस जातांना तो जहाजावरच वारला. त्याचें थडगें सुरतेच्या डच दफनभूमींत आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ॲम्स्टरडॅम येथें ग्रंथ हातीं घेणारा वाचक विचारणार : "हें सारें खरें कशावरून? हें कोणीं सांगितलें, आणि सांगणाऱ्याला तें कसें ठाऊक?" मित्राच्या पत्राखालीं मित्राची सही असते, आणि त्या सहीवर विश्वास ठेवितां येतो. रीडच्या हाताशीं जी विद्या आली होती, ती मात्र युरोपाला अपरिचित अशा माणसांची होती. म्हणून त्यानें त्या माणसांकडूनच सह्यांचे लेख घेतले व ते त्यांच्या स्वतःच्या लिपींत छापले. आपण काय केलें, किती दिवस केलें व कोणत्या ग्रंथाच्या आधारें केलें, तें तिघांनीं सांगितलें. म्हणजे हें साक्षपत्र हा नुसता आभाराचा किंवा मानाचा कागद नव्हता. शास्त्रीय विधानाला लागणारा तो पुरावा होता.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें सांगणें अवश्य आहे. साक्षीदार केवळ हे तिघेच नव्हते. त्याच तारखेचें दुसरें एक साक्षपत्र मलयाळम् भाषेंत, कोलेळुत्तु लिपींत आहे. तें इट्टी अच्युतन् या वैद्यांचें. ते ईळव समाजांतले असून वंशपरंपरेनें वैद्यकी करीत, आणि आपल्या घराण्यांतील विद्या त्यांनीं कार्नेरोला सांगितली. ग्रंथांतील फार मोठा भाग अशा अनुभवी वैद्यांच्या ज्ञानावर उभा आहे. आपल्या कांहीं लेखांतून 'हॉर्टस मलाबारिकस' हा ग्रंथ तीन सारस्वत पंडितांनीं रचला, असा समज करून दिला जातो. तो खरा नाहीं. तिघांनीं स्वतः तसा दावा केलेला नाहीं. आपल्या वांट्याचें काम त्यांनीं मोजक्या शब्दांत सांगितलें, आणि तेवढ्यावरच ते थांबले. त्यांचें नांव घेतांना चवथें नांव गाळणें म्हणजे त्यांच्याच साक्षीला बाध आणणें होय. पोथी जाणणारा शास्त्री, मुळी ओळखणारा वैद्य आणि झाडावर चढणारा मजूर यांनीं एका कामास हात लाविला, हीच त्या ग्रंथाची खरी थोरवी आहे.

नक्कल ठेवण्याचें महत्त्व

रीडचा समकालीन रुम्फिअस हा पूर्वेकडील आंबोइना बेटावर डच कंपनीच्या नोकरींत होता. तेथील वनस्पतींवर तो असाच मोठा ग्रंथ लिहीत होता. १६७० सालीं त्याची दृष्टि गेली. १६७४ च्या भूकंपांत बायको व मुलगी दगावली. १६८७ सालीं आगींत चित्रें जळालीं. तरीही इतरांच्या डोळ्यांनीं पाहून व इतरांच्या हातानें लिहवून त्यानें काम पुढें चालविलें. ग्रंथाचा पहिला मोठा भाग हॉलंडकडे निघाला, तों १६९२ सालीं तें जहाज फ्रेंचांनीं बुडविलें. सुदैवानें बटाव्हिया येथील गव्हर्नर-जनरल कांफायस यानें तो पुढें धाडण्यापूर्वीं त्याची नक्कल करून ठेविली होती. त्या नकलेवरूनच पुढें, रुम्फिअसच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनीं, १७४१ पासून तो ग्रंथ छापला गेला. एका समंजस माणसानें नकलेसाठीं कागद व कारकून खर्ची घातले नसते, तर एका अंधाचें आयुष्यभराचें तप समुद्राच्या तळाशीं गेलें असतें.

अनंत, तामण आणि कढीलिंब

अठराव्या शतकांत या साऱ्या पत्रव्यवहाराचें मध्यवर्ती ठाणें स्वीडन देशांतील उप्साला हें झालें. तेथील अध्यापक कार्ल लिनिअस यानें १७५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचें नांव दिलें, आणि तीच पद्धति आज जगभर चालते. लिनिअस हिंदुस्थानांत कधींच आला नाहीं. येथील वनस्पति त्याला ठाऊक झाल्या त्या ग्रंथ, पत्रें व वाळलेल्या फांद्या यांवरून. ज्यांच्या वर्णनांवर भरंवसा ठेवितां येतो अशा मोजक्या ग्रंथकारांत त्यानें रीडची गणना केली. आपल्या वडाचें व पिंपळाचें शास्त्रीय नांव देतांना त्यानें रीडच्या ग्रंथाचा हवाला दिला आहे. कित्येक नांवांना तर त्या ग्रंथांतील चित्र हाच आजही मूळ आधार मानला जातो. कोचीनच्या साक्षीदारांचे शब्द अशा रीतीनें सत्तर-पंचाहत्तर वर्षांनीं उप्सालास पोंचले.

वाळलेली फांदी किती काळ वाट पाहूं शकते, याचेंही एक उदाहरण आहे. पॉल हेर्मान या डच कंपनीच्या वैद्यानें १६७२ ते १६७७ या काळांत सिंहलद्वीपांत वनस्पति जमविल्या. तो वारल्यावर त्याचा संग्रह नजरेआड झाला. १७४४ च्या सुमारास कोपनहेगन येथील ग्युन्थर नांवाच्या औषधविक्र्यापाशीं असलेला एक जुना संग्रह ओळख पटविण्यासाठीं लिनिअसकडे आला, आणि तो हेर्मानचा असल्याचें त्यानें ओळखलें. त्याच आधारावर १७४७ सालीं सिंहलद्वीपाच्या वनस्पतींचा ग्रंथ तयार झाला. फांद्या तोडणारा जाऊन अर्धें शतक लोटलें होतें; फांद्यांनीं आपली साक्ष मात्र राखून ठेविली होती.

लिनिअसपाशीं देण्यासारखें धन नव्हतें. तो पत्रमित्रांना मान देई तो नांवाच्या रूपानें. आपल्या अंगणांतील अनंताचें शास्त्रीय नांव 'गार्डेनिया' आहे. अमेरिकेंतील चार्ल्सटन गांवचा वैद्य अलेक्झांडर गार्डन हा लिनिअसला वनस्पति व मासे पाठवीत असे. लंडनचा जॉन एलिस या मित्राच्या आग्रहावरून त्याचें नांव या झाडाला मिळालें. महाराष्ट्राचें राज्यफूल जें तामण, त्याचें नांव 'लाजेरस्ट्रोमिया'. स्वीडनच्या ईस्ट इंडिया कंपनीचा एक संचालक लाजेरस्ट्रोम हा जहाजांवरून आलेल्या वनस्पति लिनिअसकडे पोंचवीत असे, त्याचें हें स्मारक. रातांब्याचें नांव 'गार्सिनिया' ऐकून तें गार्सिया द ओर्ताचें असावें असें वाटतें. परंतु तें लॉरां गार्सें या दुसऱ्याच एका प्रवासी वैद्यावरून दिलेलें आहे.

आणि ज्यावांचून आपल्या आमटीला चव येत नाहीं, त्या कढीलिंबाच्या शास्त्रीय नांवांत 'कोएनिगी' हा शब्द आहे. योहान गेरहार्ड कोएनिग हा लिनिअसचा शिष्य १७६८ सालीं तंजावर मुलखांतील तरंगंबाडी येथें डॅनिश मिशनचा वैद्य म्हणून आला. तेथील पाद्री व वैद्य यांच्यासह त्यानें वनस्पतींच्या देवघेवीचें एक मंडळच जमविलें. जमविलेल्या वनस्पति एकमेकांना दाखवावयाच्या, नांवें एकविचारानें ठरवावयाचीं आणि प्रती युरोपांत धाडावयाच्या, असा त्यांचा परिपाठ होता. १७८५ सालीं कोएनिग काकिनाड्याजवळ वारला. आपले सर्व कागद त्यानें लंडनच्या सर जोसेफ बँक्स यांस देऊन ठेविले. तंजावरचे विद्याप्रेमी मराठे राजे सरफोजी यांनींही पुढें वनस्पतींचीं व पशुपक्ष्यांचीं चित्रें चितारवून घेतलीं, व त्यांतील कांहीं विलायतेंत पोंचलीं.

समुद्रावरील हाल मात्र फारसे कमी झाले नव्हते. बीं बुरसे, रोपें खाऱ्या तुषारांनीं मरत, आणि उंदीर उरलेलें फस्त करीत. १७७० सालीं वर उल्लेखिलेल्या एलिसनें पूर्वेकडून बीं-रोपें कशीं आणावींत यावर एक पुस्तिकाच लिहिली. पुढें १८३० च्या सुमारास लंडनच्या वॉर्ड नांवाच्या वैद्यानें चोहोंकडून बंद अशी कांचेची पेटी तयार केली, तेव्हां कुठें जिवंत रोपांचा प्रवास सुकर झाला. लिनिअसच्या स्वतःच्या संग्रहानेंही एक सागरी प्रवास केला. १७८४ सालीं जेम्स एडवर्ड स्मिथ या तरुणानें सुमारें चौदा हजार वनस्पति व सुमारें तीन हजार पत्रें यांसह तो विकत घेऊन लंडनला नेला, आणि त्यांतून १७८८ सालीं लिनिअन सोसायटी ही संस्था निघाली. फांद्यांबरोबर पत्रेंही जपलीं, म्हणूनच कोणती फांदी कोणीं व कोठून धाडली हें आज सांगतां येतें.

मुंबई व दापोडी

आपल्या मुंबई इलाख्यांत या परंपरेचा पाया घालणारा जॉन ग्रॅहॅम हा मुंबईचा उपटपालप्रमुख होता, हा एक सुंदर योगायोग. शिवडी येथील कृषि-उद्यान संस्थेच्या बागेवरही त्याची देखरेख असे. मित्रांच्या साहाय्यानें त्यानें मुंबई व आसपासच्या वनस्पतींची सूची तयार केली. ती छापली जात असतांनाच १८३९ च्या मे महिन्यांत खंडाळा येथें वयाच्या चौतिसाव्या वर्षीं तो वारला. उरलेला भाग त्याचा मित्र निम्मो यानें पुरा करून त्याच सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला, व त्यावर ग्रॅहॅमचेंच नांव ठेविलें. मित्रधर्म याहून निराळा काय असतो?

त्याच काळांत पुण्याजवळ दापोडी येथें सरकारी वनस्पति-उद्यान होतें. त्याचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनीं बागेंतील व रानांतील वनस्पतींचीं शंभराहून अधिक चित्रें १८४७ ते १८५० या काळांत काढविलीं. तीं आज एडिंबरो येथील राजकीय वनस्पति-उद्यानांत जपून ठेविलीं आहेत, व २००२ सालीं त्यांवर एक देखणा ग्रंथही निघाला. चित्रें अप्रतिम आहेत. तीं कोणीं काढलीं? चित्रकार 'पोर्तुगीज', म्हणजे बहुधा आपल्या गोव्याकडचा होता, एवढेंच समजतें. त्याचें नांव कोणीं लिहून ठेविलें नाहीं. कलकत्त्याच्या उद्यानांत रॉक्सबर्ग यांच्यासाठीं अडीच हजारांच्या घरांत चित्रें काढणाऱ्या हिंदी चित्रकारांचीही बहुतांशीं तीच गति झाली.

या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्यात. १६७५ सालच्या कोचीनच्या वैद्यांचीं नांवें आज साडेतीनशें वर्षांनीं शाळेंतलें मूल देखील वाचूं शकतें. त्यानंतर पावणेदोनशें वर्षांनीं, छापखाने व टपाल यांची सोय झाल्यावर, दापोडीच्या चित्रकाराचें नांव मात्र नाहींसें झालें. दोघांच्या गुणांत कांहीं कमीजास्त नव्हतें. एकाची साक्ष लिहून घेतली गेली, आणि दुसऱ्याची घेतली गेली नाहीं, एवढाच फरक. इट्टी अच्युतन् यांच्या नांवावरून एकोणिसाव्या शतकांत ब्लूम या डच शास्त्रज्ञानें 'अच्युडेमिया' असें एका वनस्पतीचें नांव ठेविलें. तेंही शक्य झालें तें छापलेल्या साक्षपत्रामुळेंच.

ज्ञातिबंधूंस विनंती

अशा लेखाचा शेवट पूर्वजांच्या जयजयकारानें करण्याची रीत आहे. परंतु त्या तिघांचें खरें ऋण फेडावयाचें असेल तर त्यांनीं केलें तें आपण करावें, हें अधिक बरें. केरळांतील वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. के. एस. मणिलाल यांनीं आयुष्याचीं कित्येक वर्षें खर्चून रीडच्या ग्रंथांतील जवळजवळ सर्व वनस्पति रानांतून पुन्हां शोधून काढल्या, आणि त्या बारा खंडांचें इंग्रजी भाषांतर केलें. तें २००३ सालीं केरळ विद्यापीठानें प्रसिद्ध केलें. मागाहून मलयाळम् भाषांतरही निघालें. ज्या भाषेंत मूळ साक्ष दिली गेली त्या कोंकणींत, किंवा आपल्या मराठींत, या ग्रंथाची निदान नीट ओळख करून देणें हें काम आपल्यांतील तरुण पदवीधरांनीं मनावर घेण्यासारखें आहे.

दुसरें काम प्रत्येक घरांत होण्यासारखें आहे. आपल्याकडे वैद्यकी पुष्कळ घराण्यांत होती. औषधांच्या वह्या, मोडींतलीं बाडें, आजोबांनीं कोणास लिहिलेलीं पत्रें, आजीनें मुलांच्या पोटदुखीवर वापरलेल्या पाल्याचीं नांवें, हें सारें माळ्यावर व पेट्यांतून पडलेलें असतें, आणि घर रंगवितांना तें रद्दीवाल्याकडे जातें. तें देण्यापूर्वीं एकवार उघडून पाहावें. मोडी वाचणारा कोणी गांवांत असेल तोंवर त्याच्याकडून वाचून घ्यावें व एक नक्कल ठेवावी. रुम्फिअसची गोष्ट त्यासाठींच वर सांगितली. आजीचा पाला अजून कुंपणावर उगवत असेल, तर त्याची फांदी फुलासह कागदांत दाबावी, आणि खालीं गांव, तारीख व सांगणाऱ्याचें नांव लिहावें. सांगणारी आपल्या ज्ञातीची असो वा शेतावर राबणारी दुसऱ्या कोणत्याही जातीची असो, नांव लिहावेंच. अंतोनियाचें नांव ओर्तानें लिहिलें, म्हणून आज तें आपणांस ठाऊक आहे.

रंग भट, विनायक पंडित व आपू भट यांनीं दोन वर्षें सकाळ-संध्याकाळ केलेल्या खेपांचें फळ त्यांच्या हयातींत त्यांना काय मिळालें असेल तें असो. जगाला मिळालें तें एका सहीच्या कागदामुळें. आपल्या घरांतला असा कागद रद्दींत जाऊं नये, एवढीच विनंती करून हा लेख पुरा करितों.